साठीनंतरचा पुरुष आणि हार्मोनचं इंजेक्शन

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटापुढे दिलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष, सेक्रेटरी, ज्येष्ठ नागरिक गटाचे सभासद आणि आवर्जून आलेल्या भगिनींनो,

भगिनींचा वेगळा उल्लेख केला त्याला कारण आहे. विषय पुरुषांचा असला तरी दवाखान्यात पहिला प्रश्न पुष्कळदा पत्नीच विचारतात. "डॉक्टर, हे पूर्वीसारखे राहिले नाहीत हो. चिडचिड करतात, जेवण झालं की सोफ्यावरच झोपतात." पुरुष स्वतः विचारतो तेव्हा दार लावून, आवाज खाली आणून. म्हणून आज आपण हे सगळं हॉलमध्ये, माइकवर बोलू या.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या वृषणात तयार होणारं हार्मोन. दाढी-मिशा, स्नायू, हाडं, लैंगिक इच्छा, रक्तातल्या लाल पेशी या सगळ्यांशी त्याचा संबंध. साधारण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे ते दरवर्षी सुमारे १ टक्का या गतीने कमी होत जातं. बायकांची पाळी थांबते तसा इथे टाकीचा व्हॉल्व्ह एकदम बंद होत नाही. प्रेशर हळूहळू उतरतं, एवढंच. आणि प्रेशर थोडं उतरलं म्हणजे पाइप फुटला असं होत नाही. वय होणं हा आजार नव्हे.

पण म्हातारपणावर इंजेक्शन शोधायचा मोह जुना आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि 'मी पुन्हा तरुण झालो' असं जाहीर केलं. त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच, हे पुढे कळलं. त्यांना वाटलेला जोम मनाचा होता. खरं टेस्टोस्टेरॉन १९३५ साली वेगळं काढता आलं. मनाचा हा खेळ मात्र आजही चालू आहे आणि जाहिरातवाले त्यावरच जगतात.

मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ आले. 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये टेस्टोस्टेरॉन २७० आलं होतं, रिपोर्टवर लाल अक्षरांत. कुणीतरी सहा महिन्यांचा इंजेक्शनांचा कोर्सही सुचवला होता, पैसे भरायचेच बाकी होते. मी विचारलं, रक्त कधी दिलं? म्हणाले, दुपारी चार वाजता, जेवून झोपून उठल्यावर. हे हार्मोन पहाटे-सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं, जेवणानंतरही कमी दिसतं. सकाळी आठच्या सुमारास, उपाशीपोटी पुन्हा तपासलं, तर ४१० आलं. त्यांचा थकवा खोटा नव्हता. पण रात्री ते जोरात घोरत होते, झोपेत श्वास अडकत होता. तिथे इंजेक्शन दिलं असतं तर श्वासाचा त्रास आणखी वाढण्याची भीती होती.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. सकाळी, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासणी. दोन्ही वेळा आकडा साधारण ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आणि शिवाय लक्षणं असतील, तरच पुढचा विचार. नुसता आकडा म्हणजे आजार नाही आणि नुसता थकवा म्हणजेही नाही. ताप-सर्दीत किंवा ऑपरेशननंतर लगेच ही तपासणी करूच नका, आकडा फसवतो.

दुसरा नियम, कारण शोधा. सुटलेलं पोट, मधुमेह, अपुरी झोप, दारू, काही वेदनाशामक औषधं यांनी टेस्टोस्टेरॉन खाली येतं. कधी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत दोष असतो, त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, उदासी यांनीही माणूस गळून जातो. वजन घटलं की हे हार्मोन आपोआप वर येतं, हा अनुभव नेहमीचा आहे. आपल्या आवारात सकाळी फेऱ्या मारायला पैसे पडत नाहीत.

मग औषध वाईटच का? नाही. ज्यांच्या शरीरात ते खरोखरच बनत नाही, त्यांना ते जरूर द्यावं, त्यांचं आयुष्य सुधारतं. पण वयामुळे थोडं उतरलेल्यांना किती फायदा? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. लैंगिक इच्छा माफक वाढली. अंगातल्या उत्साहात मात्र ठळक फरक पडला नाही. स्मरणशक्तीही सुधारली नाही.

आता धोके. रक्तातल्या लाल पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवावं लागतं. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर हे औषध देत नाहीत, म्हणून आधी पीएसए तपासायचं आणि नंतरही लक्ष ठेवायचं. हृदयाबद्दल बरीच वर्षं वाद होता. २०२३ साली ५,२०० वर पुरुषांचा मोठा अभ्यास आला. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले हे लोक होते. त्यांच्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, ही चांगली बातमी. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी जाणं, मूत्रपिंडाला अचानक इजा होणं, हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी न होता थोडं वाढलंच. आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांचं काय होत असेल, विचार करा.

जेल लावणाऱ्या आजोबांना एक सूचना. लावलेली जागा सुकू द्या, कपड्याने झाका, हात साबणाने धुवा. नातवंड त्या अंगाला चिकटलं तर औषध त्याच्या शरीरात जाऊ शकतं. लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणं त्यामुळे दिसलेली आहेत.

शेवटचा मुद्दा घरातल्या तरुणांसाठी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर आपला कारखाना बंद करतं. शुक्रजंतू कमी होतात, कधी शून्यावर येतात. जिममध्ये कुणी 'दंड लवकर भरतील' म्हणून इंजेक्शन दिलं, तर लग्नानंतर मूल होण्यात अडचण येऊ शकते. औषध बंद केल्यावर कारखाना सुरू व्हायला महिनोन्महिने लागतात, काहींचा नीट सुरूही होत नाही. मुलाच्या, नातवाच्या बॅगेत कुठली बाटली आहे हे प्रेमाने विचारा. ओरडू नका, नाहीतर तो लपवेल.

तर मंडळी, रिपोर्टचा कागद लाल दिसला की घाबरू नका आणि जाहिरातीचा नंबर फिरवू नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, आणि शक्यतो दोघं मिळून जा. तिथे लाजायचं काहीच नाही. आता प्रश्न विचारा. माइकवर नको वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, नाव घालायची गरज नाही.