कोलाहल आणि शब्द

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांनी मला पाचारण केले, तेव्हा मी एखाद्या कवीवर किंवा कादंबरीकारावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला ‘ध्वनिप्रदूषण’. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सर, हा विषय विज्ञानाच्या प्राध्यापकांचा नाही का?” शंका रास्त होती. परंतु या वाचनकक्षातील ‘शांतता राखा’ ही पाटी मी शाळकरी वयापासून वाचत आलो आहे, आणि ती नेमकी कोणाला उद्देशून आहे हा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. आत बसलेला वाचक शांतच असतो. गोंगाट बाहेरून येतो, आणि बाहेरच्याला ही पाटी दिसत नाही.

मी भाषेचा विद्यार्थी, म्हणून प्रारंभ भाषेपासूनच करतो. आवाजाच्या छटा टिपण्यात आपली मराठी किती श्रीमंत आहे पाहा. पानांची सळसळ, पाण्याची खळखळ, पाखरांची किलबिल, बांगड्यांची किणकिण, कानाशी केलेली कुजबुज. मग माणसांची गजबज, बाजारातला गलका, पोरांचा कलकलाट आणि शेवटी ज्यात काहीच वेगळे ऐकू येत नाही तो कोलाहल. हे शब्द ज्यांनी घडविले त्यांचे कान तर तिखट होतेच. पण सळसळ आणि खळखळ यांतला भेद कळावा इतकी शांतताही त्यांच्या भोवती होती. आज आपण हे शब्द मुलांना व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवितो.

योगायोग असा की, आपल्या राज्याने कायद्यासाठी हाच शब्द निवडला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे महाराष्ट्रातील आपले आप्त ‘ध्वनिप्रदूषण’ म्हणतात, तर आपल्याकडे १९८५ पासून ‘कोलाहल नियंत्रण अधिनियम’ आहे. मला हा शब्द अधिक अर्थवाही वाटतो. जो आवाज दुसरा कोणताही आवाज ऐकू देत नाही, तो कोलाहल.

आता मोजमापाकडे वळू. आवाज मोजण्याचे एकक डेसिबेल होय. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ते आले. मात्र हे माप किलो-लिटरसारखे सरळ चढत नाही. दर दहा डेसिबेलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. कुजबुज सुमारे तीस डेसिबेल, आपले नेहमीचे बोलणे सुमारे साठ. साठ डेसिबेलची दोन यंत्रे एकत्र चालविली तर एकशेवीस होत नाहीत, त्रेसष्ट होतात. उलट, निवासी भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादा पंचेचाळीस डेसिबेलची आहे. मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेजवळ मापक एकशेपाच दाखवू लागला, तर तिथली ध्वनिऊर्जा त्या मर्यादेच्या दहा लाख पट असते. आकडा साठने वाढला, ऊर्जा दहा लाख पटींनी वाढली; हा हिशेब न कळल्यामुळेच ‘थोडासाच तर वाढवला’ असे आपण सहज म्हणून जातो.

आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. मानवी कानाला सर्व स्वर सारखे ऐकू येत नाहीत, म्हणून मापकात ‘ए’ नावाची चाळणी असते. ती खर्जातल्या आवाजाचे वजन कमी धरते. छातीत धडधड उठविणारा आणि बंद खिडकीतून आत शिरणारा डीजेचा ठोका नेमका याच खर्जातला असतो. म्हणजे घराच्या भिंतींना जे जाणवते, ते मापकाच्या आकड्यात पुरते उतरतेच असे नाही. हल्ली भ्रमणध्वनीवरही आवाज मोजता येतो. त्यावरून अंदाज येतो, पण पुराव्यासाठी प्रमाणित यंत्रच लागते.

हा कोलाहल येतो कोठून? आपली दोन्ही गावे रहदारीच्या वाटेवरची. पांढुर्ण्याजवळून नागपूर-भोपाळ महामार्ग जातो, गावातून नागपूर-इटारसी लोहमार्ग जातो. सौंसरमधून नागपूर-छिंदवाडा रस्ता जातो. २०१५ पर्यंत सौंसरवरून धावणारी छोटी गाडी आठवा. तिच्या शिटीवर लोक घड्याळ लावीत. त्या शिटीला कोणी प्रदूषण म्हटल्याचे मला आठवत नाही, कारण ती वाजे आणि थांबे. आज संत्र्यांच्या हंगामात रात्रभर ट्रक धावतात, त्यांचे कर्णे मात्र थांबत नाहीत. त्यात वीज गेली की दुकानांपुढची जनित्रे, लग्नसराईतील वराती, निवडणुकीतील प्रचारगाड्या आणि बारमाही चालणारे उत्सवांचे ध्वनिवर्धक यांची भर पडते.

आपल्या पोळ्याचेच उदाहरण घ्या. बैल तोरणाखाली उभे राहिले की घुंगरमाळांचा नाद आणि त्यावर चढाओढीने म्हटलेल्या झडत्या, हे या दिवसाचे वैभव. झडती हा मौखिक साहित्याचा अस्सल नमुना आहे. ती म्हणणाऱ्याला दम लागतो आणि ऐकणाऱ्याला कान लागतो. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, तेव्हा आरोळ्या आणि वाद्ये असणारच. तक्रार त्यांची नाही. परंतु तोरणाशेजारी ध्वनियंत्रणेची गाडी उभी राहिली की झडती म्हणणाऱ्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द कळत नाहीत. हिंदी राज्यात आपली मराठी शाळेने जितकी राखली, तितकीच ओव्यांनी, भजनांनी आणि झडत्यांनी राखली. ती तोंडातून कानात जाणारी भाषा आहे. कान बंद झाला तर ती कोठे जाईल?

आता परिणाम. आपल्या आतील कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो आणि त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मोडतात आणि मोडलेल्या पुन्हा उगवत नाहीत. पंच्याऐंशी डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. पुढे दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होत जाते. या हिशेबाने शंभर डेसिबेलला पंधरा मिनिटेच उरतात. वरातीत नाचणारी मुले तीन-तीन तास त्या भिंतीपुढे असतात.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. विद्यार्थिदशेत काही हंगाम मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असे. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या घरघरीत दिवस जाई आणि कानात कापूस घालण्याचे कधी सुचले नाही. कापसाच्या ढिगाशेजारी बसून! गेल्या वर्षी कान तपासले, तेव्हा आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खोल खळगा दिसला. हा खळगा सहसा मोठ्या आवाजाने पडतो, असे डॉक्टर म्हणाले. मला आवाज ऐकू येतो; पण स, श, फ, थ ही बारीक व्यंजने निसटतात. मागच्या बाकावरचा विद्यार्थी ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे मला त्याच्या ओठांकडे पाहून ठरवावे लागते. ज्याने आयुष्यभर शब्दांवर पोट भरले, त्याला हा दंड अंमळ जास्तच वाटतो.

कानापलीकडेही परिणाम पोहोचतात. झोपलेल्या माणसाचे कान झोपत नाहीत. मोठा आवाज झाला की शरीर संकट समजून सावध होते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. सकाळी माणसाला काही आठवत नाही, पण शरीराने जागरण केलेले असते. दीर्घकाळ अशा गोंगाटात राहणाऱ्यांना उच्च रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शिकेत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी पंचेचाळीस डेसिबेलखाली ठेवावा, असे सुचविले आहे.

ग्रंथालयाच्या दृष्टीने मला सर्वांत बोलके वाटते ते न्यूयॉर्कमधील एका शाळेचे उदाहरण. शाळेच्या एका बाजूने उंचावरील लोहमार्ग जात होता. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९७५ मध्ये दाखवून दिले की, रुळांकडील वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडतात. सहाव्या इयत्तेपर्यंत हे अंतर सुमारे वर्षभराचे होते. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लावली. १९८१ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा ते अंतर नाहीसे झाले होते. मुले त्याच शाळेची होती. बदलली होती ती भोवतालची शांतता. ‘पोरे हल्ली वाचत नाहीत’ ही तक्रार आपण या सभागृहात नेहमी ऐकतो. त्यांना वाचता येईल अशी एक तरी जागा आपण राखली आहे का?

कायदा दुबळा नाही. १९८७ च्या दुरुस्तीने वायुप्रदूषणाच्या कायद्यात आवाजाचा समावेश झाला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा पंचावन्न व रात्री पंचेचाळीस, तर शांतता क्षेत्रात पन्नास व चाळीस डेसिबेल ही मर्यादा घातली. लेखी परवानगीवाचून ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोकळ्या जागी तर लावताच येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, सवलत देऊ शकते. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात इतरांना ऐकण्यास भाग पाडण्याचा अधिकार येत नाही. ध्वनिवर्धक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. आपल्या राज्यात १३ डिसेंबर २०२३ रोजी नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथविधीच्या दिवशीच ध्वनिवर्धकांवरील नियंत्रणाचा आदेश काढला. मग उणे कोठे आहे? तक्रार करणारा शेजारी असतो, आवाज करणारा शेजारी असतो आणि उद्या दोघांना एकाच पंगतीत बसायचे असते. नियम मोडतो तो या संकोचात.

हे मी दुसऱ्यांना उपदेश म्हणून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या लग्नाची वरात निघाली, तेव्हा मुलांच्या हट्टापुढे मी मान तुकविली. रात्री साडेअकरापर्यंत यंत्रणा वाजत होती. आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन गेलो. त्या हसून म्हणाल्या, “गुरुजी, लगन मोठ्ठं झालं. राती आमची खाट बी हालत होती.” त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते, क्षमा मागता आली असती. पुढच्या महिन्यात त्या गेल्या. त्यांच्या जाण्याचा आणि त्या रात्रीचा संबंध मी जोडत नाही. तो जोडण्याचे ज्ञान माझ्यापाशी नाही. पण त्यांच्या अखेरच्या दिवसांतली एक रात्र मी हिरावून घेतली, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली सूचना घोषणेची. शांतता क्षेत्रासाठी नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान शंभर मीटरचा परिसर सांगितला आहे. ग्रंथालयाचे नाव त्या यादीत नाही; परंतु सक्षम अधिकारी अन्य क्षेत्रही तसे घोषित करू शकतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर राज्य शासनाने अधिसूचित केल्याखेरीज कोणतीच जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणजे मागितल्यावाचून मिळणार नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. आता अर्ज घेऊन छिंदवाड्याला जावे लागत नाही. शतक पूर्ण केलेल्या संस्थेने तो अर्ज करावा, आणि त्यावर पहिली स्वाक्षरी माझी घ्यावी.

दुसरी सूचना अधिक अवघड आहे. समारोपाच्या ग्रंथदिंडीसाठी ध्वनियंत्रणेची गाडी ठरविण्याचे चालले आहे, असे ऐकतो. तरुण कार्यकर्त्यांचा उत्साह मी जाणतो आणि गर्दी जमली पाहिजे हेही मला मान्य आहे. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की, ती गाडी नको. टाळ, मृदंग आणि माणसांचे गळे पुरेत. दिंडी रुग्णालयासमोरून जाईल तेव्हा तेही थांबावेत आणि ती वाट सर्वांनी निःशब्द चालावी. लोक दारात येऊन विचारतील, हे कसले मूक चालणे? तेव्हा त्यांना सांगता येईल की, हे वाचनालयाचे लोक आहेत.

आज या सभागृहात मी ध्वनिवर्धकाशिवाय बोललो, हे आपल्या लक्षात आले असेल. शेवटच्या रांगेपर्यंत माझे शब्द पोहोचले असतील, तर त्याचे श्रेय माझ्या आवाजापेक्षा आपण राखलेल्या शांततेला अधिक आहे.