अट असावी, पण कारणासह
(सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले भाषण)

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो,

धम्मदीक्षेनंतरच्या सभेत पंचशील, बावीस प्रतिज्ञा आणि मुलांचे शिक्षण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. अशा सभेत हा वकील सातबारा आणि परवाना यांची भाषा घेऊन का उभा राहिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी जो मार्ग दाखविला, तो केवळ मनात जपून ठेवण्याचा मार्ग नाही. त्या मार्गाने जाणाऱ्या माणसाला वंदनेसाठी विहार लागतो, मुलांच्या अभ्यासासाठी खोली लागते, पोटासाठी पिठाची गिरणी, शिवणकामाचे दुकान किंवा खानावळ लागते. यांतील प्रत्येक गोष्टीला जागा लागते. आणि त्या जागेचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे जागेचा धनी एकटा ठरवू शकत नाही. कायदाही ते ठरवितो. तो कायदा ज्याला कळला नाही, त्याच्या हातून जमीनही जाते आणि वर्गणीचा पैसाही जातो. म्हणून आजचा विषय घेतला आहे.

जमिनीच्या उपयोगाचे कायद्याने साधारणतः तीन प्रकार होतात. काही उपयोग त्या विभागात मोकळेपणी करता येतात. शेतीच्या जमिनीत शेती करावयास कोणाची परवानगी लागत नाही. काही उपयोगांस तेथे बंदी असते. भर वस्तीत घातक रसायनांचा कारखाना काढता येत नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे, तो सशर्त उपयोगाचा. उपयोग मुळात वाईट नाही, परंतु त्याने शेजाऱ्याला आवाजाचा, धुराचा, गर्दीचा किंवा सांडपाण्याचा त्रास होऊ शकतो. तेव्हा कायदा म्हणतो, "उपयोग करा, पण या अटी पाळा." पिठाच्या गिरणीला विजेच्या शक्तीची मर्यादा येते, सभागृहाला वाहने उभी करण्याची जागा सोडावी लागते, खानावळीला सांडपाण्याची सोय दाखवावी लागते. आपल्यासारख्या लहान माणसाचे बहुतेक उद्योग याच तिसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणूनच "अट" हा शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे.

अटींची आपल्याला नवलाई नाही. शतकानुशतके आपले पूर्वज अटींवरच जगत आले. घर गावकुसाबाहेर बांधावे, पाणी अमुक ठिकाणीच भरावे, अमुक वाटेने जावे, या साऱ्या अटीच होत्या. त्या कोणत्याही दप्तरात लिहिलेल्या नव्हत्या, त्यांना कारण दिलेले नव्हते आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. गावाची अशी विभागणी हा एका अर्थी जातीने केलेला नगररचनेचा आराखडाच होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी खेड्याची भाबडी स्तुती का नाकारली, हे ज्याने हा आराखडा अंगावर सोसला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या आराखड्याची नावेसुद्धा किती चिवट! जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारला डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला.

आता कायद्याची अट पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४४ प्रमाणे विकासाच्या परवानगीसाठी अर्ज करावयाचा असतो. जव्हारची नगर परिषद किंवा मोखाड्याची नगर पंचायत यांसारख्या नियोजन प्राधिकरणापुढे असा अर्ज आला, म्हणजे कलम ४५ प्रमाणे तीनच मार्ग उरतात. विनाअट परवानगी द्यावी, अटींसह द्यावी किंवा नाकारावी. तिन्ही वेळा आदेश लेखी पाहिजे. आणि याच कलमाचे तिसरे पोटकलम सांगते की, अटी घातल्या असतील किंवा परवानगी नाकारली असेल, तर त्याची कारणे आदेशातच नमूद केली पाहिजेत. बंधूंनो, हे पोटकलम आपण ध्यानात ठेवावे. गावकुसाची अट आणि कायद्याची अट यांतील सारे अंतर या एका वाक्यात आहे. जी अट तोंडी सांगितली जाते आणि जिचे कारण विचारले की सांगणारा रागावतो, ती अट कायद्याची नाही असे समजा.

अट योग्य की अयोग्य, हे कसे ओळखावे? इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९८० साली न्यूबरीच्या खटल्यात यासाठी तीन कसोट्या सांगितल्या, त्या लक्षात ठेवण्यास सोप्या आहेत. अट नियोजनाच्या हेतूनेच घातलेली असावी; ज्या कामाला परवानगी दिली त्या कामाशी तिचा न्याय्य संबंध असावा; आणि ती इतकी अवाजवी नसावी की कोणीही समंजस अधिकारी ती घालणार नाही. "विहाराच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा" ही अट तिन्ही कसोट्यांना उतरते. "गावातील अमुक समाजाच्या पुढाऱ्यांची संमती आणा" ही अट पहिल्याच कसोटीवर पडते. कारण ती जमिनीविषयी काही विचारत नाही, माणसाविषयी विचारते. आणि माणसाविषयी जातीचा किंवा धर्माचा भेद करण्यास आपल्या संविधानाचे अनुच्छेद १४ आणि १५ शासनाला मनाई करतात.

हा झगडा केवळ आपल्याच देशात झाला असे नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच १९१६ साली न्यूयॉर्क शहराने इमारतींच्या उपयोगाप्रमाणे संपूर्ण शहराचे विभाग पाडण्याचा नियम केला आणि अमेरिकेत ती पद्धत पसरली. परंतु लुईव्हिल शहराने या विचाराचा वेगळाच उपयोग केला. ज्या गल्लीत गोऱ्यांची घरे अधिक तेथे काळ्या माणसाने राहावयास येऊ नये, असा नियम त्याने केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली तो रद्द ठरविला. पुढे टेक्सास राज्यातील क्लेबर्न गावात बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी निवासगृह काढण्याचा प्रश्न आला. रुग्णालयाला आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहाला तेथे विशेष परवाना लागत नव्हता, पण या निवासगृहाला तो मागितला गेला. तो परवाना दर वर्षी नवा करावयाचा होता आणि २०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांच्या सह्या आणावयाच्या होत्या. गावाने परवाना नाकारला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शेजाऱ्यांची नापसंती किंवा निराधार भीती हे परवाना नाकारण्याचे कायदेशीर कारण होऊ शकत नाही. "नाहरकत आणा" हे शब्द ऐकून ज्याचा जीव दडपतो, त्याने हा निकाल आठवावा. शेजाऱ्याला हरकत घेण्याचा हक्क आहे आणि अधिकाऱ्याने ती ऐकली पाहिजे. परंतु त्या हरकतीत आवाज, रस्ता, पाणी, आग असे काही कारण आहे की केवळ तिटकारा आहे, हे तोलणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

आता या सूर्यमाळच्या पठाराकडे वळू. येथे नगरपालिकेचा नियम थेट लागत नाही. प्रादेशिक योजना प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रात, नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, शेतीखेरीज अन्य उपयोगासाठी त्याच अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. गावठाणातील बांधकामाविषयी ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ आहे. महसूल संहितेतील अकृषिक परवानगीची पद्धत सरकारने अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने सैल केली आहे. म्हणून अर्जाच्या दिवशी कोणता नियम चालू आहे, हे तहसील कचेरीत लेखी विचारून घ्यावे. आपल्या सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग-२" असे शब्द असतील, तर ती जमीन मूळच्याच अटींनी बांधलेली आहे असे समजावे आणि मूळ कबुलायत किंवा आदेश वाचल्याखेरीज एक वीटही रचू नये.

येथे जंगलजमीन पुष्कळ आहे. तिच्याविषयी २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) म्हणजे सशर्त उपयोगाचे उत्तम उदाहरण आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, पाण्याची नळयोजना, रस्ता, समाजकेंद्र अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी सरकार वनजमीन वळवू शकते. अटी तीन आहेत. प्रत्येक कामाची जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडली जाऊ नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. या यादीत प्रार्थनास्थळ नाही. समाजकेंद्र आहे, पण ते साऱ्या गावाचे असते. तेव्हा समाजकेंद्राच्या नावाखाली वनजमिनीवर विहार बांधावा, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ग्रामसभेला मात्र अवश्य जा, आणि घरातील स्त्रियांना बरोबर न्या. समाजकेंद्राची शिफारस ज्या सभेत होते, त्या सभेत आपण मुके राहिलो तर त्या केंद्राचे दारही आपल्यासाठी मुके राहील.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जव्हार आणि मोखाडा हे संपूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम मंजुरीवाचून घेता येत नाही. आपण बौद्ध कुटुंबे बहुधा बिगर-आदिवासी आहोत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी बांधवांची नागली-वरईची जमीन साध्या कागदावर अंगठा घेऊन विहारासाठी किंवा दुकानासाठी घेणे हा कायद्याचा भंग आहेच. तो धम्माचाही भंग आहे. थंड हवेसाठी येणाऱ्या धनिकांपासून या पठारावरील आदिवासींची जमीन वाचावी म्हणून जी अट आहे, ती आपल्याला अडचणीची वाटली म्हणून वाईट ठरत नाही. आपल्याला हिणविणारी अट आपण मोडून काढू. दुर्बलाला राखणारी अट आपण स्वतःहून पाळू. हा विवेक सुटला, तर आपण जुन्या गावाचीच नवी आवृत्ती काढू.

आता आचरणात आणण्याच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, बांधकामाआधी अर्ज करा आणि अर्जाची आवक क्रमांक व तारीख असलेली पोच घ्या. नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळविला नाही, तर कलम ४५ परवानगी मिळाल्याचे मानते. परंतु प्रस्ताव नियमांत काटेकोर बसत असेल तरच. त्यामुळे केवळ दिवस मोजून पाया खणू नये. दुसरी, परवानगी मिळाली की तिच्यावरील अटी घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते. पुढे मुदत वर्षावर्षाने वाढवून घेता येते, पण ही वाढीव मुदत तीन वर्षांपुढे नाही. अट मोडून केलेले बांधकाम परवानगीवाचून केलेल्या बांधकामाइतकेच दंडनीय आहे. तिसरी, अट अन्यायाची वाटली तर कुरकुरत बसू नका, अपील करा. कलम ४७ प्रमाणे आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. महसुली आदेशाविरुद्ध, आदेश जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, अन्यथा ९० दिवस मिळतात. कारणे दिली नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली संपूर्ण फाईलची नक्कल मागा. चौथी, पाडण्याची नोटीस आली तर ती घेण्याचे टाळू नका. कलम ५३ प्रमाणे नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम राखण्यासाठी अर्ज करता येतो. मुदत गेली की बोलणे कठीण होते.

विहाराविषयी एक शब्द अधिक. सार्वजनिक रस्ता, बाग किंवा सार्वजनिक जागा यांवर कोणत्याही धर्माचे नवे प्रार्थनास्थळ अनधिकृतपणे उभे राहू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये दिला. इतरांनी रस्त्यात देऊळ बांधले म्हणून आपणही बांधू, हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही आणि आपल्याला शोभतही नाही. लहान असो, कुडाचा असो, पण ज्याच्या भिंतीवर परवानगीचा कागद लावता येईल असा विहार बांधा. आणि रीतसर केलेला अर्ज मागे घ्यावा म्हणून कोणी दुकानबंदी किंवा बोलचालबंदी केली, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून अंमलात आहे, हे त्यांना शांतपणे सांगा.

बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या समाजाला कधी कोणी कारण सांगितले नाही, त्याच्या हातात आज कारण विचारण्याचा हक्क आहे. तो हक्क कचेरीच्या खिडकीपाशी, नम्र शब्दांत, लेखी अर्जाने वापरावयाचा असतो. "अट मान्य आहे, कारण लिहून द्या," एवढे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाला बोलता आले पाहिजे. ज्या दिवशी सूर्यमाळचा बौद्ध शेतकरी आणि शेजारचा वारली शेतकरी हे वाक्य एकाच खिडकीपाशी, एकमेकांसाठी बोलतील, त्या दिवशी या पठारावर संविधान उतरले असे मी समजेन.

जय भीम!