कमी रक्तदाब ओळखावा कसा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार पाहणारी बाई. घरात आणि शेजारी जे पाहिले व डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच आज सांगणार आहे.

कोणाला चक्कर आली की आपण लगेच म्हणतो, "बी. पी. लो झाले," आणि मीठ-साखरेचे पाणी पाजून मोकळ्या होतो. पण दाब का उतरला, हे कोणी विचारीत नाही. वरचा आकडा ९० च्या किंवा खालचा ६० च्या खाली गेला, तर दाब कमी झाला असे धरतात. काहींचा दाब मुळातच कमी असतो. त्रास नसेल तर भिण्याचे कारण नाही. मात्र उठताना डोळ्यांपुढे अंधारी, घेरी, मळमळ, गार घाम, धूसर दिसणे, असे काही होत असेल तर कारण शोधलेच पाहिजे.

शिरूर-दौंडकडील आपले उन्हाळे तुम्ही जाणताच. वैशाखात उसाच्या खुरपणीला गेलेल्या बाईच्या अंगातले पाणी घामावाटे जाते. त्यात संकष्टीचा उपास, आणि रानात आडोसा नाही म्हणून पाणीही बेताचेच प्यालेले. मग दाब उतरेल नाही तर काय होईल? जुलाब-उलट्या, अंगावरून फार जाणे, बाळंतपणातील रक्तस्राव, काही औषधे, यांनीही तो उतरतो.

माझ्या सासूबाईंना वाढलेल्या रक्तदाबाची गोळी चालू आहे. पहाटे उठताना त्यांचा तोल जाऊ लागला. डॉक्टरांनी आधी निजवून व मग उभे करून दाब मोजला, तो उभे राहताच वरचा आकडा २० हून अधिक उतरला. त्यांनी गोळी बदलून दिली. आता सासूबाई आधी कुशीवर वळतात, क्षणभर बसतात, मग उठतात. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये. ज्यांचा दाब चढा असतो किंवा हृदय अधू असते, त्यांना मीठपाणीही विचारल्यावाचून देऊ नये.

कोणी चक्कर येऊन पडली, तर सावलीत निजवून पाय उंच ठेवावेत व कपडे सैल करावेत. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईस डाव्या कुशीवर निजवावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. हातपाय गार पडले, नाडी बारीक व जलद झाली, बोलणे असंबद्ध झाले, छातीत दुखू लागले किंवा रक्त थांबेना, तर घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. अशा वेळी मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांना रक्त पुरत नाही आणि जिवावर बेतते.

भगिनींनो, सर्वांना वाढून उरेल ते खाणारी बाई वर्षानुवर्षे "माझे बी. पी. लो असते" म्हणून थकवा सोसते. पुष्कळदा तिच्या अंगात रक्तच कमी असते, आणि ते एका तपासणीत कळते. म्हणून माझी मंडळाला सूचना आहे: येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना बोलवावे, आणि वाण घेण्याआधी प्रत्येकीने दाब मोजून, रक्त तपासून घ्यावे.