घोरणे, दंतवैद्य आणि निद्रेचे आरोग्य

(राजेगाव येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दंतवैद्य बोलावयास उभा राहिला म्हणजे तो दातांविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. मी मात्र आज झोपेविषयी बोलणार आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ मानले आहेत. यांपैकी आहाराची काळजी आपण देवाच्या नैवेद्यापासून पंगतीपर्यंत वाहतो. निद्रेची मात्र थट्टा करतो. घरातील कर्ता पुरुष मोठ्याने घोरू लागला की त्याला कुंभकर्णाची पदवी मिळते आणि विषय तेथेच संपतो.

वास्तविक विषय तेथे सुरू व्हावयास हवा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते व श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतील कंप म्हणजे घोरणे. काहींची वाट पूर्णपणे मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि पुन्हा तेच चक्र चालू होते. यालाच डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. श्वास थांबण्याचे किंवा फार मंदावण्याचे प्रसंग तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व त्यापुढे तीव्र समजतात. रक्तदाब, हृदयविकार व दिवसाची पेंग यांच्याशी त्याचे नाते आहे. रात्री गोंदिया-बालाघाट रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याला एक डुलकीही पुरते, हे मी आपणांस सांगावयास नको.

हा विकार परदेशातला, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या आरोग्यतपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या निरोगी पुरुषांपैकी २५० जणांची निद्रातपासणी झाली. त्यावरून अशा पुरुषांत शेकडा ७.५ जणांना लक्षणांसह हा विकार असावा, असा अंदाज त्यांनी मांडला.

यावरील प्रमुख उपचार म्हणजे नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन वाट उघडी ठेवणारे ‘सी-पॅप’ यंत्र. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली जगापुढे मांडले. परंतु रोज रात्री मुखवटा लावून झोपणे सर्वांनाच जमत नाही. अशा वेळी, विशेषतः सौम्य व मध्यम विकारात, दंतवैद्याचे काम येते. वरच्या व खालच्या दातांवर बसणारे साधन तयार करून खालचा जबडा हळूहळू काही मिलिमीटर पुढे धरावयाचा. जबड्याबरोबर जीभही पुढे येते व वाट मोकळी होते. मात्र त्यासाठी पुरेसे व घट्ट दात हवेत. दात हलत असतील तर आधी हिरड्यांचा इलाज करावा लागतो. सांधा दुखणे, लाळ सुटणे, काही वर्षांनी दातांची ठेवण थोडी बदलणे, हे दोषही रुग्णास आधीच सांगितले पाहिजेत.

येथे माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ घोरण्याची तक्रार घेऊन आले. मी माप घेतले, साधन दिले, आवाज जवळजवळ थांबला. मी समाधानी झालो. सहा महिन्यांनी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आवाज गेला, पण दुपारी हे बोलता बोलता पेंगतात, ते काही गेले नाही.” तेव्हा कोठे मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठविले. रात्रभराच्या तपासणीत, साधन तोंडात असतानाही, श्वास तासाला वीसहून अधिक वेळा अडत असल्याचे दिसले. मी घोरण्याचा आवाज बंद केला होता, रोग नव्हे. आणि धोक्याची सूचना देणारी घंटाच काढून घेतली होती. पुढे सी-पॅपने ते सुधारले.

म्हणून सांगतो, हे काम एकट्याचे नाही. निदान निद्रातज्ज्ञ वा छातीच्या डॉक्टरांनी तपासणी करूनच करावे. नाकाचे हाड, टॉन्सिल यांचा विचार कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी करावा. लहान मूल घोरत असेल तर प्रथम त्यांच्याकडेच जावे. वजन, रक्तदाब व मधुमेह आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांभाळावा. साधन दंतवैद्याने द्यावे, आणि ते बसल्यावर पुन्हा तपासणी व्हावी. उलट, मागे गेलेला जबडा, अरुंद टाळू, कडांवर दातांचे ठसे उमटलेली जीभ ही चिन्हे दंतवैद्यालाच प्रथम दिसतात. ती पाहून त्याने रुग्णाला पुढे पाठविले पाहिजे.

राजेगावच्या माणसाला बाघ नदी ओलांडून गोंदिया वा नागपूर गाठावे लागते. तेव्हा तपासणीची सोय कोठे आहे याची चौकशी करूनच निघावे. पण पहिली तपासणी घरातच होते. शेजारी झोपणारे माणूस जे पाहते, ते कोणत्याही यंत्राआधीचे निदान आहे. माता-भगिनींनो, श्वास मध्येच थांबताना दिसला तर तो हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा.

शेजारती करून आपण देवाला निजवितो, त्याच्या विश्रांतीत व्यत्यय येऊ नये म्हणून दारे लोटतो. तीच आस्था आपल्या घरातील माणसांच्या निद्रेविषयी बाळगावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.