सोबतीचे मोल

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार. सीएफटीआर जनुकातल्या दोषामुळे फुफ्फुसातला कफ घट्ट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस, पुढे स्यूडोमोनास. हा दुसरा मोठा चिवट. स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतो, मग औषध नीट लागू पडत नाही.

पण मला सांगायचे आहे ते उन्हाळी शिबिरांविषयी. अमेरिका-कॅनडात ही मुले अशा शिबिरांत भेटत. तिथे खोकल्याकडे कोणी वळून पाहत नसे! १९९०च्या सुमारास कळले, की बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. निरोग्यांना तो सहसा बाधत नाही, यांना मात्र जिवावर बेततो. शिबिरे बंद पडली. आज दवाखान्यातही या रुग्णांना एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात.