अकलूजचं लाल द्राक्ष आणि आपला घाट



मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण आपल्या ग्रुपवर बरेच दिवस एकच चर्चा चालू आहे: कपाशी-सोयाबीन सोडून वाइनची द्राक्षं लावावीत का? माझा भाऊही तेच विचारतोय, म्हणून त्यावरच बोलते.

सांजोव्हेसे हे इटलीतल्या टस्कनीचं जुनं लाल द्राक्ष. कियांती ही वाइन मुख्यतः त्याचीच. ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला पिकतं. 2007 च्या सुमारास अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्ची अशा तीन घरांतल्या भावांनी तिथे 'फ्रातेल्ली' सुरू केली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. त्यांच्या 'सेत्ते' वाइनमध्ये हे द्राक्ष असतं. सेत्ते म्हणजे सात. ओळखीचं वाटतं ना?

मग उन्हाचं काय? तिकडे वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून छाटण्या दोन. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात नवी काडी तयार होते. पावसाळा सरताना फळछाटणी. घड थंडीत वाढतात आणि कडक ऊन तापायच्या आत उतरवले जातात. पिकाचं कॅलेंडरच फिरवलं! माझ्यातल्या इंजिनिअरला हे फार आवडतं.

रात्री मात्र गार हव्यात, नाहीतर साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे घाटावर थोडी आशा. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, मला अवघड वाटतं.

खरी अडचण पाण्याची. खरड छाटणीनंतरची फूट एप्रिल-मेमध्ये पाणी मागते, आणि तेव्हा आपल्या गावांत टँकर येतात.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. या द्राक्षाचा मणी बारीक, आत बिया. बाजारात खायला कोण घेणार? वाइनरीने नेलं तरच पैसा. 2008 च्या मंदीनंतर नाशिककडे माल पडून राहिला आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. मांडवाचा खर्च मात्र आधीच झालेला असतो.

म्हणून भावाला मी दोनच गोष्टी सांगितल्या: वाइनरीचा लेखी करार आण आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी मोज. करार अजून झालेला नाही. पाणी त्याने मोजलं, कमरेएवढं होतं. यंदाही त्याच्या शेतात कपाशीच आहे.