पहिली काही मिनिटे
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



खाटांची आणि शस्त्रक्रियांची संख्या आपण अहवालात वाचालच. आज आम्ही बोलणार आहोत ते रुग्ण आमच्या दारात येण्यापूर्वीच्या काळाविषयी. कारण पुष्कळदा निकाल तेथेच लागलेला असतो.

माडावरून पाडेली कोसळतो. धावून आलेले शेजारी मायेपोटी त्याला काखेत व पायांना धरून उचलतात आणि रिक्षात बसवतात. मणका मोडला तरी आतील मज्जारज्जू शाबूत असू शकतो. परंतु मान वा पाठ वाकताच त्यावर दाब येऊन चालता माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो. म्हणून त्याला उठवू नये. डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. हलवणे अटळच असेल, तर चौघांनी एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे सर्व शरीर एका रेषेत वळवून फळीवर घ्यावे.

हृदय बंद पडते तेव्हा मात्र थांबणे हाच घात. कांदा हुंगवण्यात वेळ जातो आणि ४ ते ६ मिनिटांत मेंदूची हानी होऊ लागते. हाकेला ओ नाही, श्वास नीट नाही, असे दिसताच छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी ही पद्धती जगापुढे मांडली. तिला केवळ दोन हात लागतात. पडलेल्याचे हृदयही थांबले असेल, तर आधी हृदय, मग मणका.

मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अनेकांना मागे खेचते. मात्र २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने रस्ता अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

आपल्या दातृत्वातून आलेली यंत्रे आम्ही कृतज्ञतेने वापरतो. पण गेलेली मिनिटे कोणतेही यंत्र परत देत नाही. म्हणून यंदा आमची झोळी वेगळ्या दानासाठी पुढे आहे: प्रत्येक घरातील एकाने तरी हे शिकण्यासाठी आपला अर्धा दिवस द्यावा. त्या दोन हातांपासूनच आमचे रुग्णालय सुरू होईल.